डेक्कन कॉलेजातले रुमाल आणि आपल्या घरची पेटी

वाचकहो, सुरतेत आपली तिसरी-चौथी पिढी नांदते आहे. पर्वत पाटिया, लिंबायत, उधना या भागांत मराठी घरे इतकी आहेत की भाजी घेताना अहिराणी कानावर पडली तर कुणी मागे वळून पाहत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून भुसावळ-सुरत गाडीने जी माणसे आली, त्यांच्याबरोबर भांडी, अंथरुणे आणि देव आले. आणि पुष्कळ घरांत एक पत्र्याची पेटीही आली. तिच्यात शेताचे कागद, कर्जरोखे, एखादी पोथी आणि जुनी पत्रे होती. या लेखात मी आपल्याला पुण्याच्या एका जुन्या कॉलेजात जपलेल्या कागदांची हकीकत सांगणार आहे. ती सांगताना ही पेटी वारंवार आठवेल, कारण त्या कॉलेजातले कितीतरी कागद एके काळी अशाच कुणाच्या तरी घरच्या पेटीत होते.

हे कॉलेज म्हणजे येरवड्याचे डेक्कन कॉलेज. पेशवाई बुडाल्यावर तीनच वर्षांनी, ६ ऑक्टोबर १८२१ रोजी, पुण्याच्या विश्रामबागवाड्यात एक पाठशाळा सुरू झाली. पेशवे श्रावणात विद्वानांना दक्षिणा वाटत, त्या दक्षिणेच्या निधीतला काही भाग मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी या पाठशाळेकडे वळवला. प्रथम तिथे संस्कृत शास्त्रेच शिकवली जात. १८५१ मध्ये तिला इंग्रजी शाळा जोडली गेली आणि पूना कॉलेज असे नाव पडले. पुढे सर जमशेटजी जीजीभाई यांनी एक लाख रुपये दिले, येरवड्याला दगडी इमारत उभी राहिली आणि १८६८ पासून डेक्कन कॉलेज हे नाव रूढ झाले. टिळक आणि आगरकर इथलेच विद्यार्थी. रामकृष्ण गोपाळ भांडारकर इथे प्राध्यापक होते. ज्यांचे नाव आपल्याला पुढे पुन्हा घ्यावे लागेल ते इतिहासाचार्य वि. का. राजवाडेही याच कॉलेजात शिकले.

या कॉलेजात दोन तऱ्हांचे जुने लिखाण येऊन पडले, आणि त्यांची गल्लत करू नये. एक पोथ्या, दुसरे दफ्तर. पोथी नकलून काढलेली असते. ज्ञानेश्वरीची एक प्रत वाळवीने खाल्ली तरी दुसऱ्या गावी दुसरी प्रत असते, आणि जितक्या प्रती अधिक तितका मूळ पाठ ठरवणे सोपे. पत्राचे तसे नाही. अमक्या दिवशी अमक्या कारकुनाने लिहिलेले पत्र जगात एकच असते. ते गेले की त्या दिवसाची ती गोष्ट गेली. लोक पोथीला हळदकुंकू वाहतात आणि पत्रे रद्दीत घालतात. माझ्या मते काळजी उलट असायला हवी, निदान दोन्हींना सारखी तरी हवी.

पोथ्यांची हकीकत आधी सांगतो, कारण तिचा संबंध थेट आपल्या भागाशी येतो. १८६६ पासून मुंबई सरकारने संस्कृत-प्राकृत पोथ्या गोळा करण्याचे काम हाती घेतले. त्यात डॉ. ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर, पीटर्सन अशी मोठी माणसे होती. ब्यूलर हे जर्मन पंडित गुजरातेत शिक्षणखात्याचे अधिकारी होते. जैन भांडारांत, ब्राह्मणांच्या घरी, गावोगावी जाऊन त्यांनी पोथ्या पाहिल्या, काही विकत घेतल्या, काहींच्या नकला करवल्या. १८७१ ते १८७३ या काळात त्यांनी खाजगी घरांतल्या पोथ्यांची एक यादी छापली. तिच्या नावात कोणकोणते प्रदेश आहेत पाहा: गुजरात, काठेवाड, कच्छ, सिंध आणि खानदेश. सुरतेतल्या मराठी माणसाची जन्मभूमी आणि कर्मभूमी दोन्ही त्या एका यादीत आली आहेत. सरकारचा हा सारा संग्रह डेक्कन कॉलेजात ठेवला गेला. पुढे १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले आणि १९१८ मध्ये तो तिकडे हलवला. त्या संग्रहातल्या ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांना २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसंग्रहात स्थान मिळाले. त्यांतले एक भूर्जपत्रावर शारदा लिपीत लिहिलेले आहे. ब्यूलरांनी ते काश्मीरहून आणले होते.

पोथ्या गेल्या आणि काही वर्षांनी कॉलेजही गेले. १९३४ मध्ये काटकसरीच्या नावाखाली सरकारने ते बंद केले. माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत. देणगीदारांनी पैसा दिला तो कॉलेज चालावे म्हणून, असा मुद्दा धरून ते न्यायालयापर्यंत गेले. अखेर १७ ऑगस्ट १९३९ रोजी कॉलेज पुन्हा उघडले, पण या खेपेला पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून. त्याच वर्षी साताऱ्याहून एक मोठा ऐवज तिथे आला, आणि आपल्याला खरे बोलायचे आहे ते याच ऐवजाविषयी.

तो ऐवज रावबहादुर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी जमवलेला. १८७० ते १९२६ हा त्यांचा काळ. साताऱ्यात राहून त्यांनी जन्मभर जुने कागद, चित्रे, नकाशे, नाणी गोळा केली, 'इतिहाससंग्रह' नावाचे मासिक चालवले, आणि किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत लिहिला. त्यांच्या संग्रहातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे मेणवलीचे दफ्तर, म्हणजेच नाना फडणवीसांचे घरचे कागद.

मेणवली हे वाईजवळचे कृष्णाकाठचे गाव. नानांचा वाडा आणि घाट तिथे आजही उभे आहेत. घाटावर वसईच्या स्वारीतून आलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, ती पाहायला प्रवासी जातात. नाना १८०० साली वारले. त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नी जिऊबाई मेणवलीस राहिल्या. नाना पेशव्यांचे फडणीस. दौलतीचा सारा हिशेब आणि निम्म्याहून अधिक पत्रव्यवहार त्यांच्या हाताखालून जाई. नागपूर, हैदराबाद, दिल्ली, जिथे जिथे पेशव्यांचे वकील होते तिथून बातमीपत्रे येत. आपण आज वकील म्हणतो तो कोर्टातला. तो वकील म्हणजे दुसऱ्या दरबारी ठेवलेला आपला प्रतिनिधी. तिकडे कोण कुणाला भेटले, कुणाची फौज कुठे हलली, कुणाच्या घरी लग्न निघाले, सगळे तो लिहून पाठवी. हे कागद सरकारी दफ्तरात न राहता नानांच्या घरी राहिले आणि म्हणून पुढल्या धुमाळीत वाचले.

डेक्कन कॉलेजात हे दफ्तर आल्यावर मराठ्यांच्या इतिहासाचा स्वतंत्र विभाग निघाला आणि त्र्यंबक शंकर शेजवलकर तिथे आले. तिखट लेखणीचा हा माणूस. कुणाची भीडभाड धरली नाही. त्यांचा पानिपतावरचा इंग्रजी ग्रंथ कॉलेजाने १९४६ मध्ये प्रसिद्ध केला, मराठी ग्रंथ १९६१ मध्ये आला. मेणवली दफ्तरातली नागपूरच्या कारभाराविषयीची मराठी पत्रे निवडून त्यांनी १९५४ आणि १९५९ मध्ये दोन खंडांत छापली. भोसल्यांच्या दरबारात बसून पुण्याच्या माणसाला काय दिसत होते, हे त्या पत्रांवरून जसे कळते तसे कुठल्याही बखरीवरून कळत नाही. बखर गोष्ट सांगते, आणि गोष्ट सांगणारा शेवट जाणत असतो. पत्र लिहिणाऱ्याला उद्या काय होणार ते ठाऊक नसते. त्याची चूक, त्याची भीती, त्याचा लोभ सगळे कागदावर तसेच उरते.

आता सुरतेचे एक उदाहरण घेऊ. शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आपल्याला शाळेपासून ठाऊक आहेत, आणि गुजराती शेजाऱ्याशी त्यावरून एखादवेळी थट्टाही झालेली असते. पण मराठ्यांच्या इतिहासाला कलाटणी देणारा एक कागद याच शहरात झाला, तो फारसा कुणाच्या बोलण्यात येत नाही. नारायणरावांच्या खुनानंतर नाना आणि बारभाई एका बाजूला, रघुनाथराव दुसऱ्या बाजूला, असा तंटा पेटला. मही नदीकाठी मार खाऊन रघुनाथराव खंबायतेकडून सुरतेस आले आणि ६ मार्च १७७५ रोजी त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी तह केला. पेशवाईची गादी मिळवून देण्यासाठी इंग्रजांनी सुमारे २५०० फौज द्यायची आणि बदल्यात साष्टी, वसई आणि सुरत-भरूचच्या वसुलातला हिस्सा घ्यायचा. कलकत्त्याच्या इंग्रजांना हा तह मान्य झाला नाही. त्यांनी १७७६ मध्ये पुरंदरास वेगळा तह केला. तरी युद्ध भडकलेच आणि १७८२ मध्ये सालबाईला संपले.

हा तह नीट समजायचा तर एका ठिकाणचे कागद पुरत नाहीत. सुरतेच्या वखारीच्या इंग्रजी रोजनिशा मुंबईच्या सरकारी अभिलेखागारात आहेत, आणि ते अभिलेखागार काळ्या घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्याच इमारतीत आहे. इंग्रज आपल्या बाजूने लिहितात. त्यांच्या लेखी रघुनाथराव खरा पेशवा आणि पुण्याचे कारभारी बंडखोर. पुण्याची बाजू पाहायला पुण्याचे कागद उघडावे लागतात. दोन्हींपैकी एकच जपले असते तर आज आपण एकाच पक्षाचे म्हणणे खरे मानत बसलो असतो.

हे कागद वाचायचे कसे? पहिली अडचण लिपीची. सारे मोडीत आहे. मोडीत आधी आडवी ओळ मारून घेतात आणि मग तिला लटकवत, बोरू शक्यतो न उचलता, सलग लिहीत जातात. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, विरामचिन्हे नसतात. 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक संदर्भानेच ठरतो. सुरतेच्या जुन्या पेढ्यांवरची वाणियाशाई, म्हणजे सराफी अक्षरे, ज्यांनी पाहिली असतील त्यांना हे नवल वाटणार नाही. घाईने लिहिणाऱ्या लोकांनी आपापल्या सोयीने लिपी वाकवली, इकडे व्यापाऱ्याने, तिकडे कारकुनाने.

दुसरी अडचण तारखेची, आणि इथे थोडे थांबावे असे मला वाटते, कारण आपल्या घरचे कागद याच जागी अडतात. पेशवाईतल्या कागदावर बहुधा शुहूर सन असतो, आणि तो अंकांत नसून अरबी शब्दांत, उलट्या क्रमाने असतो. 'खमस सबैन मया व अलफ' असे दिसले तर खमस म्हणजे पाच, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार, मिळून ११७५. हा सन मृग लागताना बदलतो. मृगापासून डिसेंबर अखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढल्या मृगापर्यंतच्या कागदाला ६००. म्हणजे ११७५ मधला मार्च हा १७७५ चा मार्च. सुरतेचा तह याच सनातला. खानदेशातल्या महसुली कागदांवर शुहूरऐवजी फसली सन पुष्कळदा भेटतो. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवावे. 'छ' असे एकटे अक्षर दिसले तर पुढे मुसलमानी महिन्यातला चंद्र, म्हणजे तिथीचा आकडा आहे असे समजावे.

मजकुराची घडणही ठरलेली. वर 'श्री', मग ज्याला लिहायचे त्याच्या मानाप्रमाणे लांब किंवा आखूड मायना, मग 'विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे' असा सांगाडा आणि त्यापुढे खरी गोष्ट. मायन्यात एक विशेषण कमी झाले तर समोरचा रुसे. शेवटी मोर्तब. गुप्त बातमी असेल तर ती मुख्य पत्रात न घालता वेगळ्या पुरवणीवर लिहीत. म्हणून जाणता संशोधक आधी पुरवणी शोधतो.

असे कागद गुंडाळून, अनेक गुंडाळ्या एका चौकोनी कापडात बांधून ठेवत. त्या कापडावरून अशा गाठोड्याला रुमाल म्हणतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे हजारो रुमाल आहेत. इंग्रजांनी ते जपले त्यामागे इतिहासाचे प्रेम कमी आणि इनामांची तपासणी अधिक होती. ज्याच्याकडे सनद, त्याचे वतन खरे. ज्याची सनद सापडली नाही त्याची जमीन गेली. हिंदी संशोधकांना ते दफ्तर फार काळ सहजासहजी खुले नव्हते. १९३० ते १९३४ या काळात रियासतकार सरदेसायांनी त्यातले निवडक कागद ४५ भागांत छापले तेव्हा कुठे ते लोकांपुढे आले. तोवर राजवाड्यांसारख्या माणसाला घरोघर फिरावे लागले. १८९८ मध्ये त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला, त्यात १७५० ते १७६१ चे, म्हणजे पानिपतापर्यंतचे कागद होते. ते कागद सरकारी कपाटातले नव्हते, वाईच्या एका घरातले होते. अशा खंडांची संख्या पुढे २२ वर गेली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी राजवाडे वारले ते धुळ्यात, आणि त्यांचा संग्रह जपायला धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ निघाले. धुळ्याचेच शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी बाडे जमवून समर्थ वाग्देवता मंदिर उभे केले. खानदेशी मंडळींनी सुट्टीत गावी जाताना या दोन्ही वास्तू पाहून याव्यात. आपल्या जवळ बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या काळापासूनचे प्राच्यविद्या मंदिर आहे, तेही विद्यापीठाच्याच आवारात.

आता घरच्या पेटीकडे येऊ. नाना फडणवीसांच्या तोलाचे कागद तिच्यात नसतील हे खरे. पण जमीन कुणाची होती, आजोबांचे वडील कोणत्या गावचे, दुष्काळात कर्ज कुणाकडून काढले, हे त्यातच असते. गावचा कोतवाल पूर्वी ठेवत असे ती जन्म-मृत्यूची जुनी नोंदवहीही बहुधा मोडीत असते, आणि दाखल्यासाठी तिची नक्कल काढायला जाल तेव्हा ती वाचणारा शोधावा लागतो. आपली मुले गुजराती आणि इंग्रजी माध्यमात शिकतात. देवनागरी मराठी त्यांना जमते, पण मोडीचा कागद त्यांना किड्यांनी पोखरलेल्या पानासारखा दिसतो. घर बदलताना असा कागद पहिल्यांदा टाकला जातो.

सुरतेत दुसरा शत्रू पाणी. ऑगस्ट २००६ चा तापीचा पूर कुणी विसरलेले नाही, आणि पर्वत पाटिया-लिंबायतच्या लोकांना खाडीचे पाणी तर अधूनमधून भेट देतेच. जुनी शाई काजळ आणि डिंकाची. उन्हाने ती विटत नाही, शंभर वर्षांनीही काळीभोर राहते, पण पाणी लागले की पसरते. म्हणून पेटी कधीही जमिनीवर ठेवू नका. निदान माळ्यावर, भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा. कागद भिजलेच तर एकमेकांना चिकटलेली पाने ओढून सोडवू नका आणि उन्हात तर मुळीच टाकू नका. पंख्याखाली, सावलीत, खाली-वर टिपकागद किंवा न छापलेला कोरा कागद घालून वाळू द्या. तो कागद ओला झाला की बदला. अर्धवट वाळल्यावर पाने आपोआप सुटू लागतात.

एरवीही काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. चिकटपट्टी लावू नये. दहा वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून अक्षर खातो. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये, आत घाम धरतो. लॅमिनेशन तर नकोच, ते उलटवता येत नाही. आपले वाडवडील करत होते तेच बरे होते: धुतलेल्या सुती कापडाचा रुमाल, त्यात वेखंडाचा तुकडा किंवा सुकवलेला कडुनिंबाचा पाला, आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या झाडझुडीत, पेटी उघडून वारा देणे. कसर आणि वाळवी यांना अंधार व शांतता आवडते. नुसते उघडून पाहिल्यानेही पुष्कळ काम होते.

कागद धाग्याधाग्याचा, जाडसर आणि घोटून गुळगुळीत केलेला असेल तर तो हातकागद होय. दौलताबाद आणि जुन्नर त्यासाठी प्रसिद्ध, आणि खानदेशात एरंडोललाही तो होत असे. एरंडोलकडची घरे आपल्यात आहेत; त्यांनी जुना कागद उजेडासमोर धरून आतल्या जाळीच्या रेषा पाहाव्यात. मग प्रत्येक कागदाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. पाठीमागे बहुधा दुसऱ्या हातची नोंद असते आणि कधीकधी तारीख तिथेच असते. छायाचित्रांना क्रमांक द्यावा, तोच क्रमांक शिसपेन्सिलीने एका वेगळ्या चिठ्ठीवर लिहून कागदासोबत ठेवावा. मूळ कागदावर पेन चालवू नये. चिठ्ठीवर कागद कोणत्या गावचा, कुणाच्या घरून आला, पेटी कुणाकडून कुणाकडे गेली, एवढे घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारून लिहावे. त्यांना मोडी येत नसली तरी त्या कागदातली नावे त्यांना ठाऊक असतात, आणि मोडी वाचणाऱ्याचे निम्मे काम नावे कळली की होते.